तकिटमधला ‘ट’ आणि इंटरनेटचा उशीर: जॅझ ड्रमिंगचा ऑनलाइन गटवर्ग कसा चालतो

जॅझ ड्रमिंगचा ऑनलाइन गटवर्ग म्हटला की स्क्रीनवर सहा चौकोन, सहा ड्रमसेट आणि सगळे एका लयीत वाजवतायत असं चित्र डोळ्यांपुढे येतं. असं होत नाही, होऊच शकत नाही. का, याचा हिशेब छोटा आहे आणि तो आधी मांडलेला बरा, कारण वर्गाची सगळी रचना त्यावरच उभी राहते.

१२० बीपीएम म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, या मात्रेचे तीन तुकडे पडतात, प्रत्येक साधारण १६७ मिलिसेकंदांचा. नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर एका घरातला आवाज दुसऱ्या घरात पोचायला १०० ते २०० मिलिसेकंद सहज लागतात. म्हणजे इंटरनेटचा उशीर आणि स्विंगचा एक तुकडा जवळजवळ एकाच मापाचे. तुम्ही अगदी बरोबर वाजवलेला ठोका समोरच्याला एक तुकडा सरकून ऐकू येतो. शिक्षकाच्या आवाजाबरोबर तुम्ही तंतोतंत वाजवलंत तरी त्याला तुमचा आवाज जाऊन-येऊन दुप्पट उशिराने मिळतो, ३०० मिलिसेकंदांच्या आसपास. अर्ध्या मात्रेहून जास्त! त्याच्या कानाला तुम्ही बेताल.

तुलनेसाठी, खोलीत आवाज एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. ड्रमर आणि बेसवाला (खर्जाचं तंतुवाद्य वाजवणारा) तीन मीटर लांब असले तरी ९ मिलिसेकंदच. २५-३० मिलिसेकंदांपर्यंत वादक कसंबसं निभावून नेतात. त्यापुढे प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहायला लागतो आणि लय हळूहळू मंदावत जाते.

महागडं कनेक्शन घेतलं की हे सुटेल, अशी एक समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. फायबरमध्ये सिग्नल एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, त्यामुळे मुंबई-पुणे हे अंतर नगण्य. तिथला उशीर वायफाय, साउंडकार्ड आणि कॉलचं सॉफ्टवेअर आवाज-चित्राची जी पोतडी बांधतं त्यात होतो. जॅमुलस, सोनोबस, जॅकट्रिप ही सॉफ्टवेअर्स चित्र बाजूला ठेवून फक्त आवाज पाठवतात. दोन्हीकडे लॅनची वायर आणि ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) असेल तर एका शहरात, फार तर शेजारच्या शहरांत, त्यांवर एकत्र वाजवता येतं. न्यूयॉर्कच्या शिक्षकाबरोबर मात्र नाही. मुंबईपासून ते सुमारे १२,५०० किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेत केबल टाकली तरी एका बाजूने ६० मिलिसेकंदांच्या वर. तिथे कोणतंही पॅकेज उपयोगाचं नाही.

मग करायचं काय? लय विद्यार्थ्याच्या खोलीत ठेवायची. वर्गातला हा सगळ्यांत महत्त्वाचा नियम. मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत ‘टक्-टक्’ असा क्लिक देणारं यंत्र किंवा ॲप) किंवा बेस-पियानोचा ट्रॅक शिक्षकाकडून येता कामा नये, तो तुमच्याच घरात वाजला पाहिजे आणि तुमच्या ड्रमच्या आवाजासोबत त्याच माइकमध्ये गेला पाहिजे. शिक्षकाला दोन्ही उशिरा मिळतील, पण सारख्याच उशिरा. त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं शाबूत राहील, आणि शिकवायला नेमकं तेच नातं ऐकावं लागतं.

यासाठी एक छोटा स्पीकर पुरतो. तो ड्रमसेटपासून मीटरभर अंतरावर, माइकच्या बाजूला ठेवा. इथे ब्लूटूथ स्पीकरही चालतो, कारण तो उशिरा वाजला तरी तुम्ही आणि माइक एकच आवाज ऐकता. ब्लूटूथ हेडफोन मात्र घात करतो. क्लिक तुमच्या कानात उशिरा पडतो, तुम्ही त्या उशिराबरोबर वाजवता, आणि ॲपवर रेकॉर्डिंग करत असाल तर ट्रॅक एकीकडे, ड्रम दीड-दोनशे मिलिसेकंद मागे. ‘माझा हात मागे पडतो’ ही तक्रार आली की हाताकडे पाहण्याआधी कानातला इअरफोन वायरचा आहे का ते पाहावं. शिक्षकाचं बोलणं ऐकायला एका कानात वायरवाला इअरफोन आणि दुसरा कान खोलीसाठी मोकळा, ही मांडणी बहुतेकांना जमते.

आता स्विंगकडे. तबल्याशी थोडीफार ओळख असलेल्यांना हे सोपं जाईल. चार मात्रा घ्या आणि प्रत्येक मात्रेत ‘तकिट’ म्हणा: तकिट, तकिट, तकिट, तकिट. दादऱ्याशी गल्लत नको. तिथे मात्रा सहा असतात, इथे चारच, फक्त प्रत्येकीच्या पोटात तीन अक्षरं, तिस्र जातीसारखी. उजवा हात राइड सिंबलवर, म्हणजे उजवीकडच्या मोठ्या थाळीवर, यांतली सहाच अक्षरं वाजवतो: पहिल्या मात्रेचा ‘त’, दुसरीचे ‘त’ आणि ‘ट’, तिसरीचा ‘त’, चौथीचे ‘त’ आणि ‘ट’. म्हणजे त – –, त – ट, त – –, त – ट. ‘कि’ कायम रिकामा. डाव्या पायाने हाय-हॅट (पेडलने मिटणारी थाळ्यांची जोडी) २ आणि ४ वर बंद करायची, ‘चिक्’ असा कोरडा, नेटका आवाज आला पाहिजे. एवढ्यात जॅझचा मूळ ठेका झाला.

ठेका असा राइडवर आला तो १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधीच्या नृत्याच्या बँडमध्ये बेस ड्रम, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, चारही मात्रा ठोकत असे. पियानोवादक काउंट बेसीच्या बँडमध्ये ड्रमर जो जोन्सने लय हाय-हॅटवर नेऊन हलकी केली आणि पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबमध्ये वाजवणाऱ्या केनी क्लार्कने ती राइडवर सोपवली. डावा हात आणि उजवा पाय मोकळे झाले, मध्येच बोलायला, टोमणा मारायला, पियानोवाल्याला उत्तर द्यायला. आजचा अभ्यासक्रम उजव्या हातापासून सुरू होतो त्याचं कारण हे आहे. तो हात पक्का नसेल तर मोकळ्या झालेल्या हातापायांना बोलायला जमीनच उरत नाही.

मराठी कानाला स्विंग परका नाही, हे जाता जाता. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक येऊन वाजवत. गोव्याच्या वादकांनी ते ऐकून आत्मसात केलं, आणि चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या गोवेकर ट्रम्पेटवाल्यामार्फत तो डौल सी. रामचंद्रांच्या चालींत उतरला. आपण तो ऐकत आलो, फक्त मोजला नाही.

मोजताना चूक होते ती ‘ट’पाशी. नवशिका ‘त – ट’ एकत्र धरतो, म्हणजे ‘ट’ हा मागच्या मात्रेचं शेपूट समजतो. तो पुढच्या मात्रेचा उंबरठा आहे. ‘ट-त’ अशी जोडी म्हणून पाहा: दुसरीचा ‘ट’ तिसरीच्या ‘त’कडे ढकलतो, चौथीचा ‘ट’ पहिलीकडे. हात तोच, ठोके तेच, पण ठेका पुढे चालायला लागतो. वर्गात पहिली दहा मिनिटं स्टिक हातात न घेता फक्त हे तोंडाने म्हणून घ्यावं. माइक बंद ठेवून सगळ्यांनी एकदम म्हटलं तरी चालतं. ओठांकडे पाहून कोण अडतंय ते शिक्षकाला कळतं.

एक बारकावा. तकिटचे तीन समान भाग ही मध्यलयीतली सोय आहे. लय जशी वाढते तसा ‘ट’ मात्रेच्या मधोमध सरकायला लागतो. २४०-२८० च्या पुढे तो जवळजवळ अर्ध्यावर येतो आणि तकिट मोजणं सोडून द्यावं लागतं. अगदी संथ लयीत उलट: ‘ट’ आणखी उशिरा, पुढच्या ‘त’ला चिकटून. म्हणून ९० वर पाठ केलेली ‘ट’ची जागा तशीच २४० वर न्यायला गेलं की हात आखडतो, आणि हात कमजोर आहे असा गैरसमज होतो.

२ आणि ४ चं वजन ही दुसरी अडचण. आपल्याकडे हात समेवर पडतो. जॅझमध्ये टाळी २ आणि ४ वर, आणि पहिली मात्रा मुद्दाम ठासून सांगायची नसते. मेट्रोनोम निम्म्यावर लावा. १२० ची लय हवी असेल तर ६० वर, आणि येणारा प्रत्येक क्लिक २ किंवा ४ आहे असं धरा. सुरुवात अशी: क्लिक ऐका, त्यावर ‘दोन’ म्हणा, पुढच्यावर ‘चार’, मधले ‘तीन’ आणि ‘एक’ स्वतः भरा. पाच-सहा आवर्तनं तोंडाने झाल्यावरच हात. सुरुवातीला बहुतेकांचं दुसऱ्या मिनिटाला उलटं होतं, क्लिक १ आणि ३ वर जाऊन बसतो. थांबायचं आणि पुन्हा तोंडाने मोजून उचलायचं. चालू ठेक्यात सावरायचा प्रयत्न केला तर चूकच पाठ होते.

बेस ड्रम क्लार्कने सोडला, असं ऐकून तो अजिबात वाजवू नये असं काहींना वाटतं. तसं नाही. उजवा पाय चारही मात्रा वाजवतो, पण इतक्या हळू की त्या ऐकू येण्यापेक्षा जाणवाव्यात. याला फेदरिंग म्हणतात. टाच पेडलवर टेकलेली, बीटर (पेडलचा ठोका मारणारा दांडा) कातड्यापासून दोन-तीन सेंटिमीटरच मागे. कॉलवर हा आवाज पोचतच नाही. त्यामुळे शिक्षकाने पाय पाहायला हवा, आणि पाय दिसायला दुसरा कॅमेरा हवा. जुना फोन खाली, पेडलच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर. तो त्याच मीटिंगमध्ये वेगळा सदस्य म्हणून जोडायचा, त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद. नाहीतर शिट्टी वाजते. मुख्य कॅमेरा समोरून नको. डाव्या खांद्याच्या बाजूने, डोक्यापेक्षा थोडा उंच, म्हणजे स्नेअर (समोरचा मुख्य ड्रम), राइड आणि दोन्ही मनगटं एका चौकटीत येतात.

आवाजाच्या सेटिंगबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण निम्मे वर्ग इथेच वाया जातात. कॉलची सॉफ्टवेअर्स बोलण्यासाठी बनवलेली आहेत. सलग सळसळ आली की ती पंख्याची किंवा पावसाची समजून कापून टाकतात. सिंबलचा झंकार आणि ब्रश (स्टिकऐवजी वापरायचा तारांचा कुंचा) घासल्याचा आवाज त्यांच्या लेखी पंखाच. परिणाम असा की शिक्षकाला राइडचा फक्त ‘टक’ ऐकू येतो, मागचा झंकार नाही, आणि ब्रशचं तर काहीच नाही. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ हा पर्याय सेटिंगमध्ये चालू करावा, त्याखालचा हाय-फिडेलिटी मोड घ्यावा आणि इको कॅन्सलेशन बंद करावं. मीटिंग सुरू झाल्यावर हे बटण खरंच चालू आहे ना, ते पुन्हा पाहावं. इको कॅन्सलेशन बंद असताना शिक्षकाचा आवाज स्पीकरवर ठेवला तर तो फिरून त्याच्याकडेच जातो, म्हणून इअरफोन सक्तीचा.

दुसरा पर्याय माइकचा आवाज आपोआप कमीजास्त करण्याचा. तो बंदच हवा. तो हळू ठोके वर उचलतो आणि मोठे दाबतो, म्हणजे स्नेअरवरचा कुजबुजता ठोका आणि राइड एकाच पातळीवर. जॅझ ड्रमर काय शिकतो, तर चार अवयवांच्या आवाजाचं प्रमाण. तेच पुसलं गेलं तर शिक्षक कशावर बोलणार?

फोनचाच माइक वापरत असाल तर तो ड्रमपासून दोन मीटर लांब, तुमच्या पाठीमागे, कानाच्या उंचीवर ठेवा. जवळ ठेवला की स्नेअरच्या ठोक्याला आवाज फाटतो. ऑडिओ इंटरफेस असेल तर डोक्यावर एकच माइक लावा. प्रत्येक ड्रमला वेगळा माइक लावून आवाज नंतर जुळवण्याचा मोह टाळावा. जुळवण्याचं काम हातापायांचं.

आता वर्गाचा वेळ. एक बार म्हणजे चार मात्रा; १२० च्या लयीत ३२ बार म्हणजे १२८ मात्रा, म्हणजे ६४ सेकंद. विद्यार्थ्याने एवढं वाजवलं, शिक्षक दीड-दोन मिनिटं बोलला आणि विद्यार्थ्याने पुन्हा वाजवलं की चार मिनिटं जातात. सहा जण असतील तर २४ मिनिटं. तासाभरात उरलेला वेळ नवा भाग दाखवायला आणि सगळ्यांनी माइक बंद ठेवून वाजवायला पुरतो. बारा जण घेतले तर नुसत्या ऐकण्यातच ४८ मिनिटं संपतात. चार ते सहा ही संख्या योग्य, आठच्या वर गेला तर तो वर्ग राहत नाही, व्याख्यान होतं.

एक जण वाजवत असताना बाकीच्या पाच जणांनी काय करायचं, यावर गटवर्गाचं यश ठरतं. प्रत्येकाला एकच गोष्ट ऐकायला वाटून द्यावी: एकाने फक्त हाय-हॅट, एकाने ‘ट’चा जोर, एकाने लय वाढतेय का ते. स्वतः वाजवताना न दिसणारी चूक दुसऱ्याच्या हातात लगेच ऐकू येते, आणि एकदा ऐकू आली की आपल्या रेकॉर्डिंगमध्येही सापडते. एकट्याच्या शिकवणीत ही सोय नाही.

सापडणाऱ्या चुका बहुधा ठरलेल्या असतात. ‘ट’ हा ‘त’पेक्षा मोठा वाजणं ही पहिली. स्टिक उसळून परत येते आणि तो फुकटचा ठोका जोरात पडतो. उपाय: ‘त’ मनगटाने, ‘ट’ बोटांनी, आणि दोन मिनिटं फक्त चार ‘त’ वाजवून मगच ‘ट’ घालायचा. हाय-हॅट उशिरा येणं ही दुसरी. पाय खाली यायला उशीर होत नाही, वर जायला होतो. १ आणि ३ वर पाय वर गेलेला असला पाहिजे, हे मोजून करावं लागतं. तिसरी सर्वांत चिवट: डावा हात आला की राइड अडखळते.

त्यासाठीचा सराव असा. चार बार नुसता ठेका, पुढचे चार बार डाव्या हाताने स्नेअरवर बारमागे एकच ठोका, एकाच ठरलेल्या जागी. एका बारमध्ये जागा बारा: चार मात्रा, प्रत्येकीत त, कि, ट. पण त्या ओळीने घेऊ नयेत. आधी दुसरी आणि चौथीचे ‘ट’, तिथे राइड सोबत असते. दोन्ही हात एकदम पडले तर एकच आवाज येतो, ‘फ्लॅ’ असं फाटलं तर नाही. मग पहिली आणि तिसरीचे ‘ट’, जिथे डावा एकटा. मग चारही ‘त’. शेवटी चारही ‘कि’, कारण तिथे राइड कधीच नसते आणि हात आधार शोधत चाचपडतो. एका जागेला दोन मिनिटं, म्हणजे पूर्ण फेरी २४ मिनिटांची. रोज पूर्ण फेरी नको, तीन जागा पुरेत. सुरुवात ८० वर. स्नेअरवर स्टिक दोन-तीन सेंटिमीटरच उचलायची. राइडपेक्षा स्नेअर मोठी ऐकू आली की समजावं, ठेका रॉककडे निघाला.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न उरतो. मेश हेड (ड्रमला कातड्याऐवजी जाळी) आणि कमी आवाजाच्या जाळीदार सिंबल्स लावल्या तर बराचसा सराव होतो. साध्या इलेक्ट्रॉनिक सेटवर राइडचे बारीक फरक येत नाहीत, आणि तारेचा ब्रश त्याच्या जाळीवर फिरवला तर जाळी आणि ब्रश दोन्ही खराब होतात. ब्रशचा सराव पुठ्ठ्याच्या खोक्यावर होतो, पिझ्झाचं खोकं उत्तम. खऱ्या स्नेअरवर मात्र वरचं कातडं पांढऱ्या खरखरीत लेपाचंच हवं. गुळगुळीत पारदर्शक कातड्यावर ब्रश घसरतो, बोलत नाही. डावा ब्रश उचलायचा नाही, दोन मात्रांत एक गोल, २ आणि ४ वर किंचित दाब. उजवा ब्रश वर सांगितलेला राइडचा ठेका. गोल थांबला की आवाजात भोक पडतं, आणि ते भोक नेमकं उजवा हात ‘ट’ वाजवताना पडतं.

गाण्याचा आकार लक्षात ठेवणं हेही ड्रमरचं काम. ब्लूज बहुधा १२ बारांचा असतो, बरीच जुनी गाणी ३२ बारांची, आठ-आठचे चार भाग, त्यांतला तिसरा वेगळा. तीनतालाचं आवर्तन सोळा मात्रांत परत येतं, इथे ते १२८ मात्रांनी. कॉलवर याचा एक छान सराव होतो: चार बार शिक्षक, चार बार विद्यार्थी, असं आळीपाळीने. मधला उशीर फटीत जिरतो, फक्त त्या फटीत मोजणं थांबवायचं आणि दुसऱ्याचा पहिला ठोका आला की तिथून पुन्हा सुरू करायचं. पाठ झालेली चाल मनात गुणगुणत सोलो वाजवला तर आकार सुटत नाही. आकडे मोजत वाजवला तर सातव्या-आठव्या बारला हमखास सुटतो.

आठवड्यातून एकदा दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवावं, क्लिक ऐकू येईल असं. कॉलवरच्या आवाजापेक्षा फोनवरची फाइल किती तरी स्वच्छ असते, आणि शिक्षक ती थांबवून, मागे नेऊन ऐकू शकतो. गटात बेस किंवा पियानोवाला असेल तर थर रचता येतात: आधी बेसने क्लिकवर वाजवून पाठवायचं, त्यावर ड्रम, त्यावर पियानो. फक्त हे एकतर्फी आहे हे विसरू नये. ड्रमरने बेसचं ऐकलं, बेसने ड्रमरचं ऐकलेलं नाही.

परदेशी वर्गाला नाव घालताना घड्याळ पाहावं. न्यूयॉर्कची संध्याकाळची ७ ची वेळ आपल्याकडे हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी पहाटे ५:३०, उन्हाळ्यात ४:३०. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळं सरकतात आणि त्या आठवड्यात कुणी ना कुणी वर्ग चुकवतोच. पहाटे पाचला राइड वाजवायला शेजारी कोणते लाभलेत, तेही पाहावं.

दोन-तीन महिन्यांनी जवळपास कुठे जॅम (आयत्या वेळी एकत्र वाजवण्याची बैठक) असेल तिथे जाऊन वाजवावं. इतके दिवस फक्त स्वतःला आणि क्लिकला ऐकल्याने आवाज हमखास मोठा झालेला असतो. पहिल्या गाण्यात फक्त राइड आणि हाय-हॅट वाजवा, डावा हात मांडीवर ठेवलात तरी चालेल. राइडच्या खालून बेसची प्रत्येक मात्रा ऐकू येत नसेल तर आणखी हळू वाजवा.